पांढऱ्या कल्ल्यांचा मासा

बाजारांत मासळी विकत घेतांना जाणतीं माणसें प्रथम काय पाहतात, हें कोंकण किनाऱ्यावरील कोणाही गृहिणीस ठाऊक आहे. मासा बाहेरून कितीही चकचकीत दिसो, ती त्या चकाकीवर भुलत नाहीं. ती बोटानें त्याचा कल्ला उचलते व आंत डोकावते. कल्ला लालबुंद असेल तर मासळी ताजी. फिकट किंवा करडा पडला असेल तर ती शिळी. ही परीक्षा आमच्या आईनें आम्हांस लहानपणीं शिकविली, आणि पुढें शिक्षक झाल्यावर आम्हीं ती वर्गांतील मुलांस शिकविली. तिच्यामागील शास्त्रही आम्ही सांगत असूं. कल्ले हें माशाचें श्वास घेण्याचें साधन होय. पाण्यांत विरघळलेला प्राणवायु तेथें रक्तांत शिरतो, रक्तांतील तांबड्या पेशी तो सर्व शरीरभर वाहून नेतात, आणि त्या पेशींमुळेंच कल्ला लाल दिसतो. इतकें सांगून झालें म्हणजे आम्ही फळ्यावर मोठ्या अक्षरांत एक वाक्य लिहीत असूं: ‘पाठीचा कणा असलेल्या प्रत्येक प्राण्याचें रक्त तांबडें असतें.’

कांहीं वर्षांपूर्वीं, हेंच वाक्य फळ्यावर असतां, मागच्या बांकावरील एक मुलगा उभा राहिला. त्याचें घर मासेमारीवर चालणारें होतें. तो म्हणाला, “सर, माझा मामा बोटीवर असतो. तो सांगतो, खालीं दक्षिणेच्या समुद्रांत एक मासा मिळतो, त्याचे कल्ले पांढरे असतात. मासा अगदीं ताजा, जिवंत. पण कापला तर रक्त लाल निघत नाहीं, पाण्यासारखें निघतें.”

सारा वर्ग हंसला. आणि खेदानें लिहावें लागतें कीं, आम्हीही हंसलों. “बोटीवरच्या गप्पा बोटीवरच ठेवाव्या, शास्त्राच्या तासाला आणूं नयेत,” असें म्हणून आम्हीं त्यास खालीं बसविलें. तो मुकाट्यानें बसला. त्यानंतर कित्येक महिने त्यानें आमच्या तासाला एकदांही हात वर केला नाहीं.

पुढें उन्हाळ्याच्या सुटींत ध्रुवप्रदेशांतील प्राण्यांविषयींचें एक पुस्तक वाचीत असतां आम्ही एका पानावर थबकलों. त्या पानावर पांढऱ्या कल्ल्यांच्या माशाचें चित्र होतें. मामा खरें सांगत होता. चूक आमच्या फळ्यावरील वाक्यांत होती. त्या माशाची, आणि ज्या गोठलेल्या समुद्रांत तो राहतो त्या समुद्राची, माहिती विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून देणें हें आमच्याकडे तेव्हांपासून देणें राहिलें आहे. तें या लेखानें फेडण्याचा आमचा हेतु आहे.

समुद्राभोंवतालचा गडगा

पृथ्वीच्या दोन टोकांस दोन थंड समुद्र आहेत, पण त्यांची मांडणी एकमेकांच्या उलट आहे. उत्तर ध्रुवावर समुद्र असून त्याच्याभोंवतीं जमिनीचें कडें आहे. दक्षिण ध्रुवावर जमीन असून तिच्याभोंवतीं समुद्राचें कडें आहे. ही जमीन म्हणजे अंटार्क्टिका खंड, आणि त्याच्या भोंवतालचा समुद्र म्हणजे दक्षिण महासागर. फार प्राचीन काळीं हें खंड दक्षिण अमेरिकेस व ऑस्ट्रेलियास जोडलेलें होतें. सुमारें तीन ते चार कोटि वर्षांपूर्वीं हे सांधे तुटून मधून पाणी वाहूं लागलें, आणि खंडास प्रदक्षिणा घालणारा एक प्रचंड प्रवाह हळूहळू तयार झाला. आपल्याकडे वाडीभोंवतीं दगडांचा गडगा घालतात, तसा हा प्रवाह त्या खंडाचा गडगा झाला. उत्तरेकडील उबदार पाण्यास आंत शिरणें कठिण झालें. आंतला समुद्र थंड होत गेला, आणि तेथें पूर्वीं नांदणाऱ्या माशांपैकीं बहुतेकांचे वंश तेथून नाहींसे झाले.

आज हा समुद्र किती थंड आहे? गोडें पाणी शून्य अंशावर गोठतें, हें आपण शिकलों आहों. समुद्राच्या पाण्यांत मीठ असल्यामुळें तें त्याहूनही खालीं, म्हणजे उणें १.९ अंश सेल्सियसच्या सुमारास गोठतें. रॉस समुद्रांतील मॅकमर्डो साउंड नांवाच्या भागांत पाणी जवळजवळ बारा महिने या गोठणबिंदूपाशींच असतें. वर कित्येक हात जाडीचा बर्फ असतो. हिंवाळ्यांत महिनेच्या महिने सूर्य उगवत नाहीं. असें वर्णन ऐकून तेथें जीव कसले असणार, असें कोणासही वाटेल. तरी पण या महासागरांत माशांच्या तीनशेंहून अधिक जाती आजवर ओळखल्या गेल्या आहेत. त्यांतही खंडाच्या कांठालगतच्या उथळ भागांत एकाच कुळाचें राज्य आहे. त्या कुळास नोटोथेनॉइड म्हणतात. त्या भागांतील मासळीचें एकूण वजन केलें, तर शंभरांतील नव्वदांहून अधिक भाग या एका कुळाचा भरतो.

जुने रहिवासी निघून गेलेल्या वाड्यांत एकच कुटुंब राहावें, आणि पुढें त्याच्या मुलानातवंडांनीं एकेक खोली, माळा, पडवी आपापल्यापरी वापरावी, तसें येथें झालें आहे. या कुळाचा मूळ पुरुष तळाशीं राहणारा होता. त्यास पाण्यांत तरंगण्यासाठीं लागणारी वायूची पिशवी नव्हती, आणि त्याच्या वंशजांनाही ती नाहीं. तथापि त्यांतील कांहीं जाती आज पाण्याच्या मधल्या थरांत सुखानें वावरतात. अंटार्क्टिक टूथफिश हा त्यांच्यांतील सर्वांत मोठा; तो माणसाच्या उंचीएवढा लांब वाढूं शकतो. त्यानें अंगांत चरबी साठवून व हाडें हलकीं करून आपलें वजन सांवरलें आहे. वीतभर लांबीचा रुपेरी मासा हा त्याचाच भाऊबंद. त्याच्या शरीरांत तेलकट द्रव्याच्या लहान लहान पिशव्या असतात. त्याचीं अंडीं तर समुद्रावरील बर्फाच्या खालच्या अंगास, बर्फाच्या पातळ पापुद्र्यांमध्यें उबतात. ज्या बर्फास भिऊन जीवानें पळावें, त्याच बर्फाच्या आश्रयानें हीं पिल्लें जन्मास येतात.

मासे गोठत कां नाहींत?

आतां एक हिशेब करून पाहूं. सामान्य समुद्री माशाचें रक्त उणें ०.७ किंवा ०.८ अंशाच्या सुमारास गोठूं लागतें. दक्षिण महासागराचें पाणी त्याहूनही सुमारें एक अंशानें अधिक थंड आहे. मासा हा माणसाप्रमाणें स्वतःची ऊब राखणारा प्राणी नव्हे; जें पाण्याचें तपमान, तेंच त्याच्या शरीराचें. म्हणजे हिशेबानें पाहतां या समुद्रांतील प्रत्येक मासा दगडासारखा गोठून जावयास हवा. तो गोठत नाहीं, याचें कारण काय?

हें कोडें आर्थर डिव्रीस या अमेरिकन शास्त्रज्ञानें सोडविलें. मॅकमर्डो येथें बर्फास भोंकें पाडून त्यांनीं मासे धरले व त्यांचें रक्त तपासलें. त्या रक्तांत त्यांस एक विलक्षण द्रव्य आढळलें. तें प्रथिन असून त्याच्या सांखळीस साखरेचे रेणू लटकलेले असतात. १९६९ सालीं ही माहिती प्रसिद्ध झाली. हें द्रव्य काय करतें, तें समजण्यासाठीं आपल्या स्वयंपाकघरांत जाऊं. साखरेचा पक्का पाक करून ठेवला आणि त्यांत साखरेचा एक कण राहिला, तर त्या कणाभोंवतीं नवे कण जमत जातात व पाहतां पाहतां पाकाचे खडे होतात. सुगरण त्यांत लिंबाचे चार थेंब पिळते, आणि मग खडे धरत नाहींत. पाण्याचा बर्फही असाच एका कणापासून वाढत जातो. माशाच्या तोंडावाटे व कल्ल्यांवाटे बर्फाचे सूक्ष्म कण आंत शिरतात, हें खरें. परंतु कण शिरतांच रक्तांतील हें द्रव्य त्याच्या अंगास चिकटून बसतें व त्यास वाढूं देत नाहीं. लिंबाची क्रिया निराळी व या द्रव्याची निराळी, हें मात्र विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें. उपमा परिणामापुरतीच आहे. बर्फ अंगांत आहे, पण तो कणाचा मण होत नाहीं, एवढ्यानें माशाचा जीव वांचतो.

याहूनही नवलाची गोष्ट पुढें आहे. उत्तर ध्रुवाच्या समुद्रांत ध्रुवीय कॉड नांवाचा मासा राहतो. त्याचें कुळ निराळें, आणि त्याच्या व दक्षिणेकडील माशांच्या मध्यें उष्ण समुद्रांचा हजारों मैलांचा पट्टा. तरीही त्याच्या रक्तांत जवळजवळ याच घडणीचें द्रव्य सांपडतें. एकानें दुसऱ्यापासून तें घेतलें असेल काय? १९९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें याचें उत्तर दिलें. दोन्ही माशांचें द्रव्य सारखें, पण तें बनविण्याची आनुवंशिक कृति दोघांनीं वेगवेगळ्या ठिकाणाहून मिळविलेली आहे. दक्षिणेकडील माशांत ती एका पाचकरसाच्या जुन्या कृतींत फेरबदल होऊन तयार झाली; उत्तरेकडील माशांत तिचा त्या पाचकरसाशीं कांहींही संबंध नाहीं. दोन दूरच्या गांवांतील लोहारांनीं एकमेकांस न पाहतां एकाच कुलुपास लागणारी किल्ली घडवावी, तसाच हा प्रकार आहे.

लाल रक्ताविना जगणारे

आतां आपल्या मूळ माशाकडे वळूं. १९२७ सालीं डिटलेफ रुस्टाड नांवाचे नॉर्वेचे एक प्राणिशास्त्रज्ञ दक्षिणेकडील बूव्हे बेटापाशीं गेले होते. तेथें त्यांस एक फिकट, खवले नसलेला, मगरीसारख्या लांब जबड्याचा मासा मिळाला. त्यांनीं तो कापला, तेव्हां त्याचें रक्त रंगहीन असून त्याचे कल्ले पांढरे असल्याचें त्यांस दिसलें.

याच सुमाराची, म्हणजे १९२९ सालची, दुसरी एक हकीकत आहे. योहान रूड नांवाचे एक तरुण नॉर्वेजियन अभ्यासक देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजावरून दक्षिणेस गेले होते. देवमाशाची चरबी सोलणाऱ्या एका कामगारानें त्यांस विचारलें कीं, येथें रक्त नसलेले मासे आहेत, हें तुम्हांस ठाऊक आहे काय? रूड यांस ती खलाशांची दंतकथा वाटली. त्यांनीं तो मासा दाखविण्यास सांगितलें. त्या वेळीं तो कोणास मिळाला नाहीं, आणि गोष्ट तेथेंच राहिली. पुढें इतर शास्त्रज्ञांकडून त्यांस कळलें कीं, असा मासा खरोखरच आहे. तेव्हां १९५३ सालीं ते साउथ जॉर्जिया बेटावर गेले. तेथें त्यांनीं हे मासे जिवंत मिळविले, त्यांचें रक्त तपासलें, आणि १९५४ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. या माशांच्या रक्तांत प्राणवायु वाहून नेणारें तांबडें द्रव्य मुळींच नाहीं, हें त्यांनीं सिद्ध केलें. पृष्ठवंशीय प्राण्यांत, पूर्ण वाढ झालेल्या स्थितींत, असें उदाहरण अत्यंत विरळ आहे.

ही हकीकत वाचतांना आमची मान आपोआप खालीं झुकली. फरक इतकाच कीं, रूड यांनीं हंसून सोडून दिलेली गोष्ट पुढें स्वतः जाऊन तपासली. आम्हीं ती पुस्तकांत योगायोगानें वाचली.

या माशांस हिममासे म्हणतात. यांच्या सुमारें सोळा जाती आहेत, आणि तेही नोटोथेनॉइड कुळांतलेच. तांबड्या पेशींविना त्यांचें कसें चालतें? याचें पहिलें उत्तर माशांत नसून पाण्यांत आहे. पाणी जितकें थंड, तितका त्यांत प्राणवायु अधिक विरघळतो. आपल्या अरबी समुद्राच्या तीस अंश उष्ण पाण्यांत जेवढा प्राणवायु मावतो, त्याच्या पावणेदोन पटींहून अधिक तो शून्य अंशाच्या समुद्रजलांत मावतो. दुसरें उत्तर माशाच्या शरीरांत आहे. हिममाशाचें रक्त इतर माशांच्या रक्ताच्या मानानें सुमारें एक दशांशच प्राणवायु वाहूं शकतें. ही उणीव भरून काढण्यासाठीं त्याच्या अंगांत रक्ताचें प्रमाण दोन ते चौपट असतें. हृदय मोठें असतें, रक्तवाहिन्या रुंद असतात, आणि खवले नसल्यामुळें कांहीं प्राणवायु त्वचेवाटेही आंत येतो. तिसरें उत्तर त्याच्या राहणींत आहे. तो फार धांवपळ करीत नाहीं. पुष्कळ वेळ स्थिर राहून भक्ष्याची वाट पाहतो.

विद्यार्थ्यांस असें वाटेल कीं, रक्त पातळ असल्यामुळें माशाचा फायदाच होत असेल. पूर्वीं कित्येक शास्त्रज्ञांचेंही असेंच मत होतें. परंतु नंतरच्या अभ्यासांत असें दिसून आलें कीं, इतकें रक्त सतत फिरवीत ठेवण्यासाठीं त्याच्या हृदयास पुष्कळच अधिक श्रम पडतात. म्हणून आज कित्येक अभ्यासक असें मानतात कीं, तांबडें द्रव्य जाणें हा लाभ नसून ती एक हानि होती. पण ती अशा ठिकाणीं झाली कीं, थंड पाण्यानें ती सोसूं दिली. उष्ण समुद्रांत असा मासा जन्मता, तर बहुधा एक दिवसही जगता ना.

तळावरील सृष्टि व भरलेलें कोठार

केवळ माशांपुरतीच ही समृद्धि नाहीं. बर्फाखालीं पाणबुडे उतरतात, तेव्हां त्यांस तळाशीं स्पंजांचीं दाट रानें आढळतात. कांहीं स्पंजांचे सांगाडे कांचेसारख्या द्रव्याच्या सुयांनीं विणलेले असतात. त्यांच्यामध्यें तारामासे, समुद्री अर्चिन, लाटांविना डोलणारीं समुद्रफुलें व शिंपले पसरलेले असतात. आपल्याकडे नखाएवढे असणारे समुद्री कोळीकिडे तेथें इतके मोठे होतात कीं, कांहींच्या पायांचा पसारा हातभर किंवा त्याहूनही अधिक भरतो. याचें एक कारण त्या पाण्यांतील विपुल प्राणवायु हेंच असावें, असें शास्त्रज्ञ मानतात. बहुतेक प्राणी सावकाश वाढतात व पुष्कळ वर्षें जगतात. थंडीनें तेथील जीवन थांबविलें नाहीं. तें फक्त संथ केलें आहे.

या सर्वांस अन्न कोठून मिळतें? वादळी वारे व प्रवाह खोल समुद्रांतील क्षार वर आणून सोडतात. उन्हाळ्यांत कित्येक आठवडे सूर्य मावळत नाहीं. क्षार व प्रकाश एकत्र येतांच डोळ्यांस न दिसणाऱ्या वनस्पतींचें अमाप पीक येतें; बर्फाच्या खालच्या बाजूसही त्यांचा तपकिरी थर चढतो. हें पीक क्रिल नांवाचे कोळंबीसारखे प्राणी खातात. एक क्रिल दोन इंचांहून थोडा मोठा असतो. पण सर्वांचें मिळून वजन सुमारें ३८ कोटि टन असावें, असा २००९ सालचा अंदाज आहे. हिंवाळ्यांत त्याचीं पिल्लें बर्फाच्या खालीं चरून जगतात. क्रिलास मासे खातात, माशांस पेंग्विन व सील खातात, आणि जगांतील सर्वांत मोठा प्राणी, निळा देवमासा, तोही या दोन इंची जीवावर पोसला जातो. म्हणजे या कोठाराच्या तळाशीं कांहीं अंशीं तोच बर्फ आहे, ज्यास आपण ओसाड समजतों.

या कोठारांत अद्याप किती दडलेलें आहे, याचा एक दाखला पाहा. २०२१ सालच्या फेब्रुवारींत ‘पोलारस्टेर्न’ हें जर्मन संशोधन-जहाज वेडेल समुद्रांत फिरत होतें. जहाजामागें दोरानें ओढलेला छायाचित्रयंत्र तळाजवळून जात असतां, सुमारें ४०० ते ५०० मीटर खोलीवर, वाळूंत वाटोळे खळगे दिसूं लागले. प्रत्येक खळगा सुमारें ७५ सेंटिमीटर रुंद, आंत बारीक खड्यांवर अंडीं, आणि बहुतेक खळग्यांत राखण करीत बसलेला एक हिममासा! घरट्यांमागून घरटीं येतच राहिलीं. १६,००० हून अधिक घरटीं प्रत्यक्ष मोजण्यांत आलीं; आणि त्यावरून सुमारें २४० चौरस किलोमीटरांच्या त्या टापूंत सुमारें सहा कोटि घरटीं असावींत, असा हिशेब शास्त्रज्ञांनीं २०२२ सालीं प्रसिद्ध केला. मत्स्यांच्या घरट्यांची याहून मोठी वसाहत तोपर्यंत कोणासही ठाऊक नव्हती. एकेका घरट्यांत सरासरी १,७०० हून अधिक अंडीं होतीं. या जातीस शास्त्रीय परिभाषेंत योना संदेष्ट्याचें नांव दिलेलें आहे. १९४७ सालीं तिचें वर्णन प्रथम प्रसिद्ध झालें, तें देवमाशाच्या पोटांत सांपडलेल्या नमुन्यावरून. म्हणून हें नांव. योनाची गोष्ट ज्यांस पाठ आहे, त्यांस आतां या माशाचें नांव विसरणें शक्य नाहीं.

गडग्याच्या आंत आलेली ऊब

एवढी कणखर सृष्टि कशासही दाद देणार नाहीं, असें वाटेल. पण ती थंडीस दाद देत नाहीं. उबेपुढें मात्र ती अगदीं नाजूक आहे. १९६७ सालीं मॅकमर्डो येथील माशांवर प्रयोग झाले. पाण्याचें तपमान सहा अंशांच्या आसपास नेलें, तेव्हां ते मासे मेले. सहा अंश म्हणजे आपल्या घरांतील शीतकपाटांत ठेवलेल्या पाण्याइतकी थंडी! जी थंडी आपल्या बोटांस सोसत नाहीं, ती त्यांस मारक उष्णता ठरली. आणि हिममाशाचा तर सगळा संसारच थंड पाण्यांतील प्राणवायूवर उभा आहे. पाणी तापूं लागलें म्हणजे त्यांतील प्राणवायु कमी होतो, आणि त्याच वेळीं शरीरास तो अधिक लागतो. दोन्हींकडून एकदमच तूट येते. दुसरे मासे थंड पाण्याच्या शोधार्थ ध्रुवाकडे सरकतील. जो आधींच ध्रुवाच्या दाराशीं राहतो, त्यानें कोठें जावें?

मनुष्यानें जाळलेल्या कोळशाच्या व तेलाच्या धुरानें पृथ्वीचें तपमान वाढत आहे, आणि अंटार्क्टिकाच्या पश्चिमेकडील द्वीपकल्पालगत समुद्राची ऊब वाढल्याचें मोजमापांत आढळलें आहे. २०२३ सालच्या फेब्रुवारींत त्या खंडाभोंवतालचा समुद्री बर्फ, उपग्रहांनीं मोजणी सुरू झाल्यापासून तोपर्यंत, सर्वांत कमी भरला. बर्फ घटला तर त्याच्या खालीं उबणारीं अंडीं व चरणारे क्रिल यांचें काय होईल, हें विद्यार्थ्यांनींच वरील वर्णनावरून ताडून पाहावें.

मनुष्याच्या लोभानेंही या समुद्राची एकदां मोठी हानि केली आहे. साउथ जॉर्जिया बेटाजवळ नोटोथेनॉइड कुळांतील ठिपक्यांचा एक मासा विपुल होता. १९६९-७० च्या एकाच हंगामांत तेथून सुमारें चार लाख टन मासळी काढण्यांत आली. सावकाश वाढणारा तो मासा दोन हंगामांतच विरळ झाला, आणि त्याची संख्या पुढें अनेक दशकें सांवरली नाहीं. या अनुभवानें राष्ट्रें सावध झालीं. अंटार्क्टिकांतील सागरी जीवांच्या रक्षणाचा करार १९८० सालीं होऊन १९८२ सालीं अंमलांत आला. २०१६ सालीं रॉस समुद्रांतील सुमारें साडेपंधरा लाख चौरस किलोमीटर क्षेत्र, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या पांचपट विस्तार, राखीव ठेवण्याचें ठरलें, व १ डिसेंबर २०१७ पासून तो निर्णय लागू झाला. एकमेकांशीं भांडणारीं राष्ट्रेंही ज्या गोष्टीवर एकत्र येऊं शकतात, अशी ही एक गोष्ट आहे, हें आमच्या मुलांनीं अवश्य ध्यानांत घ्यावें.

आपल्या देशाचाही या समुद्राशीं संबंध आहे. पहिली भारतीय मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजीं गोव्याहूनच निघाली, आणि ९ जानेवारी १९८२ रोजीं अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यास लागली. तिचे नेते डॉक्टर एस. झेड. कासिम हे सागरी जीवांचेच अभ्यासक होते. राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र गोव्यांत वास्को येथें आहे. तेव्हां ज्यास या विषयाची गोडी लागेल, त्याच्या वाटेचा आरंभ फार दूर नाहीं.

शेवटचें देणें

सुटी संपल्यावर शाळेच्या पहिल्या आठवड्यांत आम्हीं तें जुनें वाक्य पुन्हां फळ्यावर लिहिलें, आणि त्या मुलास पुढें बोलाविलें. आमची चूक झाली होती, त्याचा मामा खरें बोलत होता, असें सर्व वर्गासमक्ष सांगून आम्हीं खडू त्याच्या हातीं दिला. त्यानें क्षणभर आमच्याकडे पाहिलें. मग ‘प्रत्येक’ हा शब्द पुसून त्या जागीं ‘बहुतेक प्रत्येक’ असें लिहिलें, आणि खडू ठेवून जागेवर जाऊन बसला. त्या दिवसानंतर त्याचा हात पुन्हां वर होऊं लागला. त्याच्या मामांची भेट पुढें झाली, तेव्हां आम्हीं त्यांचीही क्षमा मागितली. ते हंसून म्हणाले, “मास्तर, मलासुद्धां पहिल्या दिवशीं तो मासा कुजका वाटला होता. मी तो फेंकून देणार होतों. मग बघितलें, तो अजून तोंड हलवीत होता.”

विद्यार्थी मित्रहो, त्यांचें हें शेवटचें वाक्य आम्हांस फार मोलाचें वाटतें. कल्ला लाल तर मासा ताजा, हा नियम आपल्या बाजारापुरता खराच आहे, आणि तो तुम्हीं विसरूं नये. पण ज्यानें नियमावर विसंबून मासा फेंकला नाहीं, थांबून तो तोंड हलवितो कीं नाहीं हें पाहिलें, त्यास तो मासा जिवंत सांपडला. पुस्तकांतील वाक्य व डोळ्यांनीं पाहिलेली गोष्ट यांचा मेळ बसेना, तर बोलणाऱ्यास खालीं बसवूं नका. त्यास विचारा: कोठें पाहिलें, कसें पाहिलें, आणखी कोणीं पाहिलें? आणि पालकांस आमची विनंति आहे कीं, मुलगा समुद्रावरची एखादी विलक्षण गोष्ट घेऊन घरीं आला, तर ती पुरती ऐकून घ्यावी. आम्हीं ती एकदां ऐकून घेतली नाहीं, आणि एका मुलाचा हात कित्येक महिने खालींच राहिला.